प्लेट-स्क्रूचे ऑपरेशन ठरले आहे : पडल्यापासून पुन्हा कामाला लागेपर्यंत काय काय करावे

दोन वर्षांत आमच्या घरात दोनदा हाडे मोडली. आधी माझी. मे महिन्यात आंबे उतरवताना पायाखालची फांदी कडाडली, घळ (आंबे उतरवायची जाळीची काठी) एकीकडे आणि मी दुसरीकडे पडलो, आणि उजव्या हाताची कोपर ते मनगट यांमधली दोन्ही हाडे तुटली. नंतर आईची. श्रावणात परसवातल्या जांभ्याच्या पायरीवर शेवाळ धरले होते, त्यावरून तिचा पाय गेला आणि घोटा दोन ठिकाणी मोडला. दोघांनाही प्लेट आणि स्क्रू बसवावे लागले. मी डॉक्टर नाही, देवगड तालुक्यातला बागायतदार आहे. पण पहिल्या खेपेला ज्या गोष्टी कोणी सांगितल्या नाहीत म्हणून आम्ही गोंधळलो, त्या दुसऱ्या खेपेला ठाऊक असल्यामुळे बराच त्रास वाचला. त्या इथे क्रमाने लिहीत आहे.

सुरुवात करण्यापूर्वी एक गोष्ट समजून घ्यावी, कारण पुढचे सगळे तिच्यावर अवलंबून आहे. प्लेट हाड जोडत नाही. आपल्याकडे हापूसचे कलम बांधताना बहुतेकांनी पाहिलेले असते. खुंट आणि काडी यांचे काप एकमेकांना नेमके भिडवतात, वरून प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळतात आणि मग त्याला कोणी हात लावत नाही. जोड लागतो तो सालीखालच्या जिवंत थरातून. पट्टीचे काम तोवर काहीही हलू न देण्याचे. प्लेटचेही तेच आहे, फरक एवढाच की कलमाच्या पट्टीवर कोणी उभे राहत नाही. तारेचा तुकडा मागे-पुढे वाकवत राहिले तर ती जशी हातात तुटते, तशी उत्तम पोलादाची प्लेटही हाड जुळण्याआधी रोज भार पडत राहिला तर वाकते किंवा तुटते. म्हणून हाड आधी जुळते की धातू आधी थकतो, अशी ही शर्यत असते आणि तिचा बराचसा भाग दवाखान्यात नव्हे, आपल्या ओटीवर आणि न्हाणीघरात पार पडतो.

१. पहिला तास : हलवण्यापूर्वी आधार, आणि अंगठ्या आधी काढा

मोडलेला अवयव सरळ करण्याचा प्रयत्न करू नये. तो ज्या स्थितीत आहे त्याच स्थितीत त्याला आधार द्यावा, आणि हा आधार मोडलेल्या जागेच्या वरचा व खालचा असे दोन्ही सांधे स्थिर राहतील इतका लांब असावा. माझ्या हाताला शेजाऱ्यांनी पोफळीची वाळलेली विरी दुमडून लावली आणि वर पंचा गुंडाळला. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी ती पाहून मान डोलावली होती. विरी नसेल तर घडी घातलेले वर्तमानपत्र, छत्री, उशी यांपैकी काहीही चालते. बांधल्यावर बोटे गरम आहेत ना आणि त्यांना स्पर्श कळतो ना, हे पाहावे.

त्यानंतर लगेच अंगठ्या, बांगड्या, कडी, जोडवी काढावीत. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण सूज तासाभरात चढते. आईच्या पायातली चांदीची जोडवी काढू का, असे मी विचारले तेव्हा ती नको म्हणाली आणि मीही ऐकले. दवाखान्यात पोचेपर्यंत बोट निळसर पडून जोडव्याच्या दोन्ही बाजूंनी फुगले होते. साबण लावून पाहिला, दोरा गुंडाळून पाहिला, शेवटी परिचारिकेने छोट्या कातरीने चांदी कापली, तेव्हा त्या बोटावर खोल वळ उमटलेला होता. त्या दिवशी घोट्यापेक्षा आईला त्याचेच दुःख अधिक झाले.

जखमेतून हाड दिसत असेल किंवा मोडलेल्या जागेजवळ रक्त वाहणारी जखम असेल, तर ती उघडी मोड समजावी आणि हळद, चुना, कॉफी किंवा तंबाखू यांपैकी काहीही न भरता स्वच्छ कापडाने झाकून, रक्त वाहत असेल तर बाहेर आलेल्या हाडावर न दाबता कडेने दाबून, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. अशा मोडीत प्रतिजैविकाचे इंजेक्शन जितके लवकर मिळेल तितका हाडात जंतू शिरण्याचा धोका कमी होतो, त्यामुळे ओळखीचा डॉक्टर लांबच्या शहरात आहे म्हणून पहिले उपचार थांबवू नयेत. धनुर्वाताचे इंजेक्शनही तेव्हाच घ्यावे.

आणि चहा देऊ नये. आपल्याकडे माणूस पडला की पहिल्यांदा कपभर चहा पुढे येतो, पण दुधाचा चहा भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या हिशेबी जेवणासारखाच मोजला जातो आणि त्यामुळे ऑपरेशन सहा तास पुढे ढकलावे लागू शकते.

२. कुठे जायचे

किनाऱ्यावरच्या गावांत या प्रश्नाचे उत्तर रस्ता आणि ऋतू यांवर ठरते. सिंधुदुर्गातून कोणी ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात जातो, कोणी गोव्यातल्या बांबोळीच्या रुग्णालयात, कोणी घाट चढून कोल्हापूरला. रत्नागिरीच्या उत्तरेकडचे लोक चिपळूणजवळचे डेरवणचे रुग्णालय किंवा मुंबई गाठतात. माझे मत असे की जवळच्या ज्या ठिकाणी अस्थिरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि ऑपरेशनच्या वेळी एक्स-रे दाखवणारे सी-आर्म यंत्र या तिन्ही गोष्टी आहेत, तिथेच साधी मोड करून घ्यावी. कारण ऑपरेशनानंतर टाके काढण्यासाठी, सहा आठवड्यांनी, बारा आठवड्यांनी अशा फेऱ्या होतात आणि जुलैच्या पावसात दरड कोसळून घाट बंद झाला की लांबची फेरी सरळ बुडते. सांध्याच्या आत गेलेली गुंतागुंतीची मोड असेल, उदाहरणार्थ गुडघ्याखालचा सांध्याचा पृष्ठभाग खचलेला असेल, तर मात्र अनुभवी हात शोधत लांब जाणे योग्यच.

हाडवैद्याकडे जाणाऱ्यांना मी दोष देत नाही. माझे आजोबा त्यांच्याकडूनच बरे झाले होते. परंतु ताज्या मोडीला चोळणे आणि वरून बांबूच्या कामट्यांनी आवळून बांधणे यांत रक्तपुरवठा तुटून हात गमावण्याचा धोका आहे. एक्स-रे न काढता कोणालाही हात लावू देऊ नये.

३. कागदपत्रांची पिशवी

ही पिशवी एकाने सांभाळावी आणि ती रुग्णाच्या खाटेपासून हलवू नये. तिच्यात पुढील गोष्टी असाव्यात.

- आधार कार्ड आणि शिधापत्रिका, मूळ व दोन दोन छायाप्रती.
- आयुष्मान कार्ड असल्यास ते, आणि खाजगी विमा असल्यास त्याचे कार्ड.
- पहिल्या दवाखान्याचा केस पेपर आणि सर्व एक्स-रे फिल्म. नुसता मोबाइलवरचा फोटो पुरत नाही.
- रोज चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटे जशीच्या तशी, विशेषतः मधुमेह, रक्तदाब आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची.
- कशाची ॲलर्जी असेल तर ती लिहिलेला कागद.

राज्य सरकारची मोफत उपचारांची महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ मध्ये वेगळ्या नावाने सुरू झाली आणि २०१७ पासून या नावाने चालू आहे. आता ती आयुष्मान भारत योजनेला जोडलेली असून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेबरोबर पांढऱ्या शिधापत्रिकेची कुटुंबेही तिच्यात आली आहेत. योजनेत असलेल्या रुग्णालयात तिचे काम पाहणाऱ्या माणसाची, म्हणजे आरोग्यमित्राची, खिडकी असते. दाखल होताच पहिल्यांदा तिथे जावे, कारण ऑपरेशनापूर्वी मंजुरी यावी लागते आणि पैसे भरून झाल्यावर योजना मागे जाऊन लागू करून घेणे फार अवघड असते. प्लेट आणि स्क्रू त्या ठरलेल्या पॅकेजमध्येच धरलेले असतात. तरीही ‘सामान बाहेरून आणावे लागेल’ असे कोणी म्हणाले, तर आरोग्यमित्राला विचारून मगच हालचाल करावी. योजनेचा मदत क्रमांक १५५३८८ आहे.

आमच्याकडचा नेहमीचा घोळ नावांचा. आईच्या आधारवर एक आडनाव, शिधापत्रिकेवर दुसरे. शिवाय कित्येक घरांत माणसे गावात आणि शिधापत्रिका मुंबईच्या पत्त्यावर. हे हाड मोडण्यापूर्वीच दुरुस्त करून ठेवण्यासारखे काम आहे. गणपतीला चाकरमानी घरी आले की सगळे कागद एकदा ओटीवर मांडून पाहावेत.

अपघात वाहनाचा असेल तर तो तसाच सांगावा. पोलिसांची कटकट नको म्हणून ‘घरात पडला’ असे लिहून घेणारे मी पाहिले आहेत. पुढे विम्याचा किंवा नुकसानभरपाईचा दावा करताना पहिल्या केस पेपरवरचे तेच वाक्य आडवे येते.

४. डॉक्टरांना काय विचारावे

पहिला प्रश्न : प्लेट की रॉड? हा फरक न कळल्यामुळे घराघरांत भांडणे होतात. मांडीचे किंवा नडगीचे लांब हाड मध्यावर मोडले तर बहुधा पोकळीतून रॉड घालतात. तो हाडाच्या आतच असल्यामुळे भार चांगला पेलतो, आणि काही रुग्णांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वॉकर धरून उभे करतात. कोपराखालच्या दोन हाडांना, मनगटाला, घोट्याला आणि सांध्याजवळच्या मोडींना प्लेट लागते, आणि पायाच्या प्लेटवर पुष्कळदा सहा ते बारा आठवडे भार देता येत नाही. ‘वरच्या वाडीतला अमका तिसऱ्या दिवशी चालला आणि तुम्ही अजून खाटेवर’ असे जो म्हणेल, त्याला अमक्याच्या पायात काय आहे ते विचारावे.

दुसरा प्रश्न : साधी प्लेट की लॉकिंग? साधी प्लेट स्क्रूंच्या ओढीने हाडावर दाबून बसते. हाड घट्ट असेल तर ही पकड उत्तम असते. पण सागाच्या फळीत बसवलेला स्क्रू आणि जुनाट, भुसभुशीत आंब्याच्या फळीत बसवलेला स्क्रू यांत जो फरक, तोच तरुण हाडात आणि वयस्कर माणसाच्या ठिसूळ हाडात असतो. लॉकिंग प्लेटच्या भोकांनाच आटे असतात आणि स्क्रूचे डोके त्यांत फिरून पक्के होते, त्यामुळे प्लेट आणि स्क्रू मिळून एकच ताठ चौकट बनते आणि ठिसूळ हाडातही ती सहसा सैल पडत नाही. म्हणून आईसाठी लॉकिंग प्लेट घेतली. माझ्या हातात साध्याच आहेत आणि त्यांनी काही कमी केले नाही.

तिसरा प्रश्न धातूचा. पोलाद की टायटॅनियम, असे विचारून किमतीचे दोन आकडे सांगितले जातात आणि त्या क्षणी मुलाला वाटते की स्वस्त घेतले तर आपण आईवर अन्याय करू. साध्या मोडीत दोन्ही धातूंनी हाड जुळते. निकेलची ॲलर्जी असेल किंवा त्याच भागाचे एमआरआय पुढे वारंवार काढावे लागणार असेल, तर टायटॅनियमचा उपयोग आहे. तसे काही नसेल तर पोलाद घेण्यात कमीपणा नाही. पाकिटावरची छापील किंमत बघायला मागावी आणि बिलावर कंपनी व बॅच क्रमांक लिहून घ्यावा.

याशिवाय मोडीतली पोकळी भरायला कमरेच्या हाडाचा चुरा काढून घालावा लागेल का, कोणती नस जवळून जाते, आणि किती आठवडे भार नाही, हे विचारून उत्तरे तिथेच वहीत लिहावीत. संमतिपत्र मराठीत मागावे. सही करण्यापूर्वी डावा-उजवा तपासावा, आणि मोडलेल्या अवयवावर पेनाने खूण केली आहे ना ते पाहावे.

५. सूज उतरेपर्यंत थांबणे

आईला दाखल केले, कच्चे प्लास्टर घातले आणि पाय उशांवर ठेवून आठ दिवस नुसते झोपवले. नातेवाइकांचे फोन सुरू झाले की इथले डॉक्टर काहीच करत नाहीत, कोल्हापूरला न्या. खरी गोष्ट अशी की घोटा आणि गुडघ्याखालचा भाग इथे कातडीखाली मांस फारसे नसते. सुजेने ताणलेल्या, पाण्याचे फोड आलेल्या कातडीवर चीर दिली तर जखम मिटत नाही आणि प्लेट उघडी पडते. सूज उतरली की कातडीवर बारीक सुरकुत्या दिसू लागतात. डॉक्टर रोज सकाळी बोटाने कातडी हलवून त्याच सुरकुत्या शोधत होते. दोन आठवड्यांपर्यंतचे असे थांबणे म्हणजे हेळसांड नव्हे.

थांबायचे नसते ते उघड्या मोडीत, रक्तवाहिनी दबली असेल तेव्हा, आणि स्नायूंच्या कप्प्यात दाब वाढतो त्या अवस्थेत. ही शेवटची अवस्था घरच्यांनाच आधी कळते. इंजेक्शन देऊनही दुखणे वाढतच जाते, पोटरी किंवा कोपराखालचा भाग दगडासारखा घट्ट लागतो, आणि आपण बोट नुसते सरळ करायला गेलो तरी रुग्ण ओरडतो. बोटांना मुंग्या येतात. असे झाले तर सकाळच्या राउंडची वाट न पाहता रात्रीच डॉक्टरांना उठवावे, कारण काही तासांत स्नायू कायमचे मरतात.

या दिवसांत रक्तातली साखर आटोक्यात आणावी आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचे काय करायचे ते विचारून घ्यावे. त्या स्वतःहून बंद करू नयेत.

६. ऑपरेशनाचा दिवस

घन अन्न आणि दूध सहा तास आधी बंद, साधे पाणी साधारण दोन तास आधीपर्यंत. पण आपल्याला जी वेळ सांगितली असेल तीच पाळावी. पायासाठी बहुधा कमरेत इंजेक्शन देऊन खालचा भाग बधिर करतात, हातासाठी मानेजवळ किंवा काखेत. माझा हात असा बधिर केलेला होता आणि मी जागा होतो. हिरव्या पडद्यापलीकडे ड्रिलची घरघर ऐकू येई, ती थांबली की डॉक्टर खोली मोजून ‘सोळा’ म्हणत, पलीकडून ‘सोळा’ असे उत्तर येई आणि स्क्रू पिळल्याची हलकी करकर हाडातून खांद्यापर्यंत जाणवे. मग ‘अठरा’. ते मिलिमीटर होते, हे मला नंतर कळले. स्क्रू हाडाच्या जवळच्या भिंतीतून शिरून पलीकडच्या भिंतीतही रुतावा लागतो, पण पलीकडच्या मांसात फार डोकावता कामा नये, म्हणून हे मोजमाप. मोडीच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन स्क्रू, अशा दोन प्लेट. दोन हाडांना दोन वेगळ्या चिरा.

थोडे विषयांतर करतो. हाडावर प्लेट बसवल्याची पहिली नोंद १८८६ ची, हॅम्बुर्गच्या कार्ल हान्समान यांची आहे. त्यांच्या स्क्रूंची टोके कातडीबाहेर ठेवलेली असत, म्हणजे काढायला सोपे. आजची पद्धत बरीचशी बसवली ती १९५८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये एकत्र आलेल्या एओ नावाच्या शल्यचिकित्सकांच्या गटाने. त्यांचे सूत्र असे की तुकडे नेमके जुळवा, पक्के धरा, हाडाचा रक्तपुरवठा जपा आणि सांधे लवकर हलवायला लावा. यातले शेवटचे कलम आपल्याकडे हटकून विसरले जाते. तीन महिने प्लास्टरमध्ये ठेवून सांधा लाकडासारखा होऊ नये, यासाठी तर हे सगळे केलेले असते.

७. दवाखान्यातले पुढचे दिवस

हात किंवा पाय हृदयाच्या पातळीच्या वर ठेवावा. बोटे पहिल्या दिवसापासून हलवावीत. मला दर तासाला दहा वेळा मूठ उघडायला आणि मिटायला लावत असत. पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली किंवा दम लागला तर तत्काळ सांगावे, कारण पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झालेली असू शकते.

घरी सोडताना डिस्चार्ज कार्डावर भार कधीपासून, टाके कधी आणि पुढची तारीख कोणती, हे स्पष्ट लिहून घ्यावे. ‘काळजी घ्या’ म्हणजे नक्की काय, असे विचारायला लाजू नये. ऑपरेशनानंतरच्या एक्स-रेची फिल्म बरोबर आणावी. पुढच्या प्रत्येक फिल्मची तुलना तिच्याशी होते.

८. घर आधी तयार करा

कोकणातले घर एका पायाच्या माणसासाठी बांधलेले नसते. खळ्यातून ओटीवर तीन पायऱ्या, ओटीवरून माजघरात उंबरा, न्हाणीघर मागल्या दारी आणि शौचालय परसात. आईला आणण्याच्या आदल्या दिवशी आम्ही खाट ओटीवर हलवली, भोक असलेली कमोड-खुर्ची आणली, न्हाणीत प्लास्टिकची खुर्ची आणि काथ्याची जाड चटई टाकली, जाण्यायेण्याच्या वाटेवरच्या जाजमांच्या घड्या केल्या आणि उंबऱ्याला दोन्ही बाजूंनी फळीचा उतार लावला. जांभ्याच्या पायऱ्या ब्लीचिंग पावडर टाकून खरवडून घेतल्या. हे काम खरे तर जूनमध्येच करायला हवे होते. वॉकरच्या पायांची रबरी टोपणे झिजलेली नाहीत ना, ते पाहावे, कारण ओल्या कोब्यावर तीच घसरतात.

पावसाळ्यात जखम कोरडी ठेवणे ही वेगळीच परीक्षा आहे. आंघोळीच्या वेळी प्लास्टिकची पिशवी वरच्या बाजूने घट्ट बांधावी, आणि ड्रेसिंग ओले झालेच तर ते तसेच वाळू न देता बदलून घ्यावे. टाके साधारण दोन आठवड्यांनी निघतात. त्याआधी किंवा नंतर जखम लाल होऊन गरम लागू लागली, तिच्यातून पाणी किंवा पू येऊ लागला किंवा ताप आला, तर त्यावर हळदीचा लेप न लावता त्याच दिवशी ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना दाखवावे.

९. भार आणि व्यायाम

सर्वांत जास्त चुका इथे होतात, आणि त्या दुखणे थांबल्यावर होतात. तीन-चार आठवड्यांत दुखायचे थांबते, टाके निघालेले असतात आणि माणसाला वाटते की झाले. पाचव्या आठवड्यात मी बागेतून आलो तेव्हा आई न्हाणीच्या दाराशी उभी होती आणि वॉकर खाटेजवळ. विचारले तर म्हणाली, “खंय लांब गेलंय मी? न्हाणयेतच ना!” नशिबाने काही झाले नाही. त्या वेळी हाडाच्या टोकांमध्ये नुसता मऊ भराव धरलेला असतो आणि सगळा भार धातूवर असतो, हे तिला मी कलमाच्या पट्टीचे उदाहरण देऊन सांगितले, तेव्हा तिला ते पटले.

सहा आठवड्यांच्या एक्स-रेनंतर डॉक्टर ‘थोडा भार द्या’ म्हणतात. थोडा म्हणजे किती, हे वजनकाट्यावर शिकावे. वॉकर धरून दुखरे पाऊल काट्यावर टेकवायचे आणि काटा सांगितलेल्या किलोवर येईपर्यंतच दाबायचे. दोन दिवसांत पायाला तो अंदाज बसतो.

हाताचे वेगळे असते. हाताने चालायचे नसल्यामुळे हालचालीची घाई चालते, वजन उचलण्याची नाही. मूठ आणि कोपर लवकर सुटले, परंतु तळहात उताणा करणे मला दोन महिने जमेना. दुकानदाराने सुटे पैसे पुढे केले की मी डावा हात करायचो. व्यायाम एकच होता : कोपर बरगडीला चिकटवून, मुठीत लाटणे धरून ते सावकाश एकदा उताणे, एकदा पालथे करणे. रोज चार वेळा. दुखेपर्यंत करावे, पण दुसऱ्याने जोर लावून हात पिरगाळू नये. तिसऱ्या महिन्यात पेजेची वाटी त्या तळहातावर न सांडता राहिली. घागर उचलणे, कोयती चालवणे आणि झाडावर चढणे मात्र एक्स-रेत हाड जुळल्याचे दिसेपर्यंत बंद होते.

१०. खाणे, मशेरी आणि तेल

‘आंबट खाल्ले की पू होतो’ म्हणून आईचे कोकम, सोलकढी आणि लिंबू शेजारणींनी बंद केले होते. डॉक्टरांनी ते सुरू करायला सांगितले. बांगडा, तारली, अंडी, कुळीथ, नाचणी, डाळ हे सगळे खावे. जखम आणि हाड दोन्ही भरून यायला प्रथिने लागतात. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून घ्याव्यात.

बंद करायचे ते तंबाखू आणि विडी, आणि मशेरीसुद्धा. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. बायका तिला दात घासण्याची पूड समजतात म्हणून डॉक्टरांनी ‘तंबाखू खाता का’ असे विचारले की प्रामाणिकपणे नाही म्हणतात. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि हाड जुळायला उशीर होतो. तेव्हा मशेरीचे नाव घेऊनच विचारावे.

जखम पूर्ण भरल्यावर व्रणाच्या कातडीला हलक्या बोटांनी खोबरेल लावायला हरकत नाही. मोडीच्या जागी चोळणारा मालिशवाला नको.

११. प्लेट काढायची का

बहुतेकांना काढावी लागत नाही. काढतात ती टोचत असेल, चपलेच्या पट्ट्याला लागत असेल, जंतुसंसर्ग झाला असेल किंवा रुग्ण वाढत्या वयाचे मूल असेल तेव्हा. घोट्याच्या दोन हाडांना बांधणारा आडवा स्क्रू असेल, तर काही डॉक्टर तो तीन-चार महिन्यांनी काढतात. तसा आहे का, ते आधीच विचारावे. कोपराखालच्या प्लेट काढण्याची घाई करू नये, कारण त्या काढल्यावर स्क्रूच्या रिकाम्या भोकांशी हाड पुन्हा मोडू शकते. निदान दीड-दोन वर्षे थांबावे आणि काढल्यानंतरही काही आठवडे तो हात जपावा.

थंडीत किंवा पावसाची झड लागली की माझा हात प्लेटच्या जागी ठणकतो. त्याचे एक्स-रे काढून झाले आहेत आणि सगळे जागेवर आहे. एमआरआय काढण्याची वेळ आली तर तिथल्या तंत्रज्ञाला धातू असल्याचे आधी सांगावे. धातू असला तरी बहुतेक वेळा एमआरआय काढता येतो.

प्लेट आणि स्क्रूंच्या पाकिटांवरच्या चिकटपट्ट्या ऑपरेशनाच्या कागदावर चिकटवलेल्या असतात. त्यांवर कंपनी, माप आणि बॅच क्रमांक असतो. वीस वर्षांनी कोणा डॉक्टरला स्क्रू काढायचा झाला, तर कोणत्या मापाचा पाना लागेल हे त्यावरून कळते. आमच्या दोघांचे ते कागद शिधापत्रिकेच्या पिशवीत, सातबाऱ्याच्या उताऱ्यांबरोबर ठेवले आहेत, कारण आमच्या घरात तेवढी एकच पिशवी कधी हरवत नाही.